जवळ कोण होतं?

अकरा वर्षं अतिदक्षता विभागात काढल्यावर तिला वाटलं, आता जरा शांत ठिकाणी नोकरी करावी. पाय दुखत होते, मॉनिटरचा टूं-टूं आवाज घरी भांडी घासतानाही कानात वाजायचा, आणि नवरा म्हणायचा, "तू माझ्याकडे बघत नाहीस, माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघतेस." ते खरंच होतं. तिथे आकडे असतात ना.

शहराच्या टोकाला, बसचा मार्ग संपतो तिथे, बऱ्या न होणाऱ्या माणसांसाठी चालवलेली एक बैठी इमारत होती. बारा खोल्या, मधून लांब व्हरांडा, मागे स्वयंपाकघर आणि धुणीघर. शेवटचा थांबा बरोबर फाटकासमोर, त्यामुळे विनोद करायला कोणाला डोकं खाजवावं लागत नसे. कंडक्टर ओरडायचा, "शेवटचा स्टॉप, सगळे उतरा!" आणि बसमधली एखादी नर्स म्हणायची, "आम्ही संध्याकाळी परत चढणारे आहोत हो!"

मुलाखत घेतली ती तिथल्या मुख्य परिचारिकेने. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. साठीला टेकलेल्या, आवाज बसका, आणि खुर्चीतून उठताना आधी दोन्ही गुडघ्यांना समजावणाऱ्या. त्यांनी तिच्या प्रमाणपत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाठ कशी आहे?"

"बरी आहे."

"रडू आलं तर कुठे रडता?"

हिला प्रश्नच कळला नाही. "नाही येत सहसा," ती म्हणाली.

"हं. गेल्या वर्षभरात घरचं कोणी गेलंय?"

"नाही."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. सात महिन्यांपूर्वी तिची आई गेली होती, दुसऱ्याच एका रुग्णालयात. आणि ही तेव्हा दहा किलोमीटरवर, आपल्या विभागात, कुणा परक्या माणसाच्या घशातली नळी धरून उभी होती. सकाळी भावाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली होती, "आज स्टाफ कमी आहे रे दादा, संध्याकाळी येते." संध्याकाळी पोचली तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. पाचव्या दिवशी ती कामावर हजर झाली. सगळ्यांनी कौतुक केलं, काय धीराची बाई आहे म्हणून.

खोटं बोलायचं कारण साधं होतं. एका मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलं होतं की घरात नुकतं कोणी गेलं असेल तर तिथे घेत नाहीत, वर्षाने या म्हणतात. हिला वर्षभर थांबायचं नव्हतं.

पहिले काही आठवडे तिचे डोळे सारखे भिंतीवर जात. भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक पाल. इथे कोणी धावत नसे. ही मात्र व्हरांड्यातून अशी जायची की मावशी, म्हणजे फरशी-चादरी बघणारी बाई, बादली बाजूला ओढून घ्यायची. "चपला झिजतील सिस्टर," ती म्हणायची, "इथे कोणाची गाडी चुकत नाही."

मोठ्या सिस्टरांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती तोंड पुसण्याची. काडीला लावलेला छोटा स्पंज पाण्यात बुडवून ओठांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेच्या कडेने फिरवायचा. "औषध देणं सगळ्यांना येतं," त्या म्हणाल्या. "तोंड ओलं ठेवायला शिक. माणसाला गिळता येत नाही, बोलता येत नाही, पण कोरडी जीभ कळते." मग कुशीवर वळवणं, टाचांखाली उशी, आणि वेदना शमवायला मॉर्फिन. मॉर्फिनच्या पहिल्या डोसाला हिचा हात अडखळला. श्वास मंदावू द्यायचा नाही, ही इतक्या वर्षांची शिकवण आड येत होती. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईच्या कपाळाकडे बघ. आठ्या दिसतात? त्या गेल्या की थांबायचं. चार्टमध्ये सगळं लिहिलंय, पण आधी कपाळ वाच."

हे ती शिकली. हात मुळात चांगले होते. जे जमत नव्हतं ते घरी गेल्यावर कळायचं. नवरा छापखान्यात कामाला, तो तिच्याआधी घरी यायचा. तो विचारी, "जेवायला काय करू?" ती म्हणे, "काहीही कर." आणि त्याने काहीही केलं की तिला राग यायचा. मुलगी गृहपाठाची वही घेऊन समोर बसायची आणि ही त्याच एका ओळीवर बोट ठेवून बसून राहायची. आठवड्याला एक-दोन माणसं जायची. कधी एकाच दिवशी दोन. अतिदक्षता विभागात मरण म्हणजे हरणं होतं, निदान कोणाशी तरी भांडल्यासारखं वाटायचं. इथे भांडण नाही. माणूस जातो, चादर बदलते, गादी उन्हात पडते, आणि दोन दिवसांनी त्या खोलीत दुसऱ्याच कोणाचा तरी चष्मा टेबलावर असतो. असला थकवा तिला ठाऊक नव्हता. झोपून उठलं तरी तो तसाच.

पाच नंबरच्या खोलीत एक लिफ्टवाले काका आले. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, वय एकाहत्तर, यकृताचा कॅन्सर, आणि अंगावर मांस नसलं तरी जीभ शाबूत. आल्या आल्या त्यांनी हिचं बारसं केलं. "ही पळती सिस्टर. हिच्यात ब्रेक बसवायचे राहिलेत." तेव्हापासून सगळे तिला पळती म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी ती त्यांचं ब्लडप्रेशर बघायला गेली. काकांनी दंड पुढे केला, पट्टा आवळून सुटेपर्यंत थांबले, मग विचारलं, "किती आलं?"

"थोडं कमी आहे काका."

"बरं. मग आता तुम्ही त्याचं काय करणार?"

काही करायचंच नव्हतं.

"मग कशाला त्या बिचाऱ्या दंडाला त्रास? आमच्यात पण असे असतात. लिफ्ट बंद पडली की येऊन बटणं दाबत बसतात." ते हसले आणि मग खोकले. "बसा जरा. बटणं नंतर दाबा."

ती बसली नाही. तिला सहा नंबरला जायचं होतं.

काकांबरोबर त्यांची मुलगी होती. चाळिशीची, पोस्टात खिडकीवर बसणारी. आई लवकर गेलेली, भाऊ नाही, त्यामुळे आठ महिने हिनेच सगळं केलेलं. तिचं घर दीड तासावर. तिथे नवरा, दोन मुलं. इथे खोलीतल्या आरामखुर्चीत ती झोपायची. डोळ्यांखाली काळं, पायांना सूज, आणि पर्समध्ये बिस्किटांचे अर्धे पुडे. बाबांनी डोळे उघडले की ही उभी. बाबांनी कूस बदलली की ही उभी. ते म्हणायचे, "अगं, मी इथेच आहे, कुठे चाललोय?" आणि लगेच स्वतःच, "म्हणजे चाललोय, पण आज नाही."

एका दुपारी ही मुलगी व्हरांड्यात पळतीला भेटली आणि म्हणाली, "सिस्टर, एकच मागणं आहे. बाबा जातील तेव्हा मी जवळ हवी. आईच्या वेळी मी शाळेत होते."

पळतीने त्या बाईचा हात धरला. "तुम्ही जवळ असाल," ती म्हणाली. "ते माझ्याकडे लागलं."

असं वचन द्यायचं नसतं. ते कोणाच्याच हातात नसतं, आणि हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. अकरा वर्षांत तिने शेकडो नातेवाईक चुकलेले पाहिले होते. तरी तिने वचन दिलं, वर आपला फोन नंबर दिला, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा बस पकडून पाच नंबरमध्ये डोकावून जायला लागली. नवऱ्याने विचारलं, "आज सुट्टी ना?" ती म्हणाली, "एक पेशंट सिरियस आहे." तिथे सगळेच सिरियस होते.

काकांचं खाणं सुटलं, मग बोलणं कमी झालं. एक दिवस मुलगी चहा आणायला स्वयंपाकघराकडे गेली तेव्हा त्यांनी पळतीला बोटाने जवळ बोलावलं. आवाज आता पुटपुटण्याइतकाच उरला होता.

"तिला घरी पाठवा एक दिवस."

"ती नाही जाणार काका. तिला तुमच्याजवळ राहायचंय."

"ती बसली की मला झोपल्याचं सोंग करावं लागतं." त्यांनी दम घेतला. "दमलो हो. सोंग करून."

ती "बरं" म्हणाली आणि त्यांचं तोंड पुसलं. मुलगी चहा घेऊन आली. पळतीने तिला काही सांगितलं नाही. पेशंट असं म्हणतातच, घरच्यांना त्रास नको म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं.

पुढचे चार दिवस काका तसेच होते. गुडघे जांभळट, तळपाय थंडगार, श्वास मध्येच थांबायचा, दहा-वीस सेकंद, मग मोठा उसासा घेऊन पुन्हा सुरू. असा माणूस सहसा एका-दोन दिवसांत जातो. हे जाईनात. मुलगी त्यांचा हात हातात घेऊन बसलेली, पेंगून पडायला आली की दचकून बसायची. बाथरूमलासुद्धा धावत जाऊन धावत यायची. पळती तिला म्हणे, "मी बघते, पण लवकर या हं."

मोठ्या सिस्टरांनी चौथ्या दिवशी पळतीला औषधांच्या खोलीत गाठलं.

"तिला घरी धाड. आंघोळ, गरम जेवण, आपल्या पलंगावर झोप. चेहरा बघितलास तिचा? आणि काकांचाही बघ. काही माणसं लेकरांसमोर जात नाहीत. का ते मला माहीत नाही, तीस वर्षांत कोणी परत येऊन सांगितलं नाही. पण जात नाहीत."

"आणि ती गेली आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर? जन्मभर मनात राहतं ते."

मोठ्या सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "कोणाच्या?"

पळतीने कपाटातून सिरिंज काढल्या आणि मोजायला लागली. मोठ्या सिस्टर बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुलगी आपणहून म्हणाली, "सिस्टर, अंगाला वास येतोय माझ्या. दहा मिनिटांत आंघोळ करून येऊ?" नातेवाइकांची बाथरूम व्हरांड्याच्या पार टोकाला होती. पळती म्हणाली, "जा. मी इथून हलत नाही."

ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. खोलीत ऊन आलं होतं. काकांचा श्वास थांबला. तिने मनात मोजायला सुरुवात केली. तीस. पस्तीस. मग एक छोटा श्वास, हनुवटी हलल्यासारखा. पुन्हा थांबला. तिने असे श्वास पाहिले होते. आता चार-पाच उरले होते, फार तर दहा. कपाळावर एक आठी नव्हती. करायचं एवढंच होतं की हात धरून बसायचं.

ती उठली आणि धावली.

व्हरांडाभर धावली, मावशीची बादली लवंडली, आणि तिने बाथरूमचं दार दोन्ही मुठींनी बडवलं. "लवकर या! लवकर! बाबा!" आत पाणी पडत होतं. पाणी थांबलं, काहीतरी खाली पडलं, कडी निघेना. पळती दार बडवतच राहिली. मुलगी बाहेर आली ती अंगावर कसेबसे कपडे चढवून, केसांतून पाणी गळत, अनवाणी. दोघी धावल्या. मुलगी लवंडलेल्या पाण्यात घसरली, कोपरावर आपटली, उठली.

खोलीत ऊन तसंच होतं. काकांचं तोंड अर्धवट उघडं. पळतीने बोटं मानेवर ठेवली आणि बराच वेळ ठेवली, पण तिला दारातूनच कळलं होतं.

मुलगी रडली नाही. तिने आरामखुर्ची पुढे ओढली, बसली, नेहमीसारखा हात हातात घेतला. धाप लागली होती. मग मान न वळवता तिने विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?"

बोलता आलं असतं. "मी होते, शांतपणे गेले," एवढी चार शब्दांची गोष्ट. असं कितीतरी जणांना सांगितलं जातं आणि त्यावर ते आयुष्य काढतात. पळतीच्या तोंडापर्यंत ते आलंसुद्धा.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला बोलवायला आले होते."

बाईने मान वळवली. तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही तरी बसायचं होतंत."

एवढंच. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. तिच्या ओल्या केसांतलं पाणी बाबांच्या कपाळावर पडत होतं आणि ती ते तळव्याने पुसत होती, पुन्हा पडत होतं, पुन्हा पुसत होती. पळतीने टॉवेल आणला. मुलीने तो घेतला आणि स्वतःचे केस नाही, बाबांचं कपाळ टिपलं.

दुपारी गाडी आली, काका गेले, मुलगीही गेली. जाताना सगळ्यांना नमस्कार केला, पळतीलाही. कोपराला खरचटलं होतं तिथे मावशीने पट्टी लावून दिली होती.

मोठ्या सिस्टर आपल्या खोलीत होत्या. पळती आत गेली आणि उभ्या उभ्याच बोलली. काका घरी पाठवा म्हणाले होते ते. मी तिला सांगितलं नाही ते. वचन दिलं होतं ते. मग म्हणाली, "आणि मुलाखतीत मी खोटं बोलले. माझी आई गेली होती. सात महिने झाले होते तेव्हा. आता दहा."

मोठ्या सिस्टरांनी गुडघ्यांना समजावलं, उठल्या, दार लावलं.

"मला अंदाज होता," त्या म्हणाल्या. "पण मला हातांची गरज होती आणि तुझे हात चांगले आहेत. तेव्हा अर्धी चूक माझी धर. तिला एवढ्यात सांगू नकोस, बाबा काय म्हणाले ते."

"का? तिला कळायला हवं ना."

"हवं. पण आज सांगितलंस तर तुझ्या पोटातलं दुखणं तिच्या पदरात टाकल्यासारखं होईल. महिन्याने मी सगळ्या घरांना फोन करते, तेव्हा मी सांगेन. माझ्या तोंडून ते तिच्या बाबांचं बोलणं होईल. तुझ्या तोंडून ते तुझं होईल."

पळती अजून उभीच होती. "मला काढणार का?"

"सहा आठवडे रजा घे. पेशंट नाही, फोन नाही, इथे डोकावणं नाही. घरी जा आणि तुझी आई गेली म्हणून रड. नाही रडता आलं तर झोप. सहा आठवड्यांनी यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर चांगली चिठ्ठी देईन, दुसरीकडे जा." मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "अगं, इथे येणारी अर्धी माणसं आपलंच कुठलं तरी प्रेत शोधायला येतात. मीही तशीच आले होते. पण ते पेशंटच्या पलंगावर शोधायचं नसतं."

पहिला आठवडा ती नुसती झोपली. नवरा कामावरून येऊन बघायचा तर ही तशीच. त्याने काही विचारलं नाही, सूप करून ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी ती भावाकडे गेली. आईचं कपाट तिथेच होतं, अजून कोणी उघडलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "तुझ्यासाठी थांबलो होतो." मग चिडून म्हणाला, "तुझ्याशी बोलायची सोय कुठे होती? विचारलं की नर्ससारखी बोलायचीस. ऑक्सिजन किती होता, कुठलं इंजेक्शन दिलं. अगं, माझी पण आई होती ती."

वहिनी कपाटातले स्वेटर काढून पलंगावर ठेवत होती. पळतीने खाली बघतच विचारलं, "दादा, तेव्हा तू होतास ना जवळ?"

"नाही." भावाचा आवाज उतरला. "मी खाली गाडी लावायला गेलो होतो. ही होती."

ती वहिनीकडे वळली. दहा महिने ही बाई तिच्यासमोर चहाचे कप ठेवत होती.

"तू होतीस? मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत ताई," वहिनी म्हणाली. तिच्या हातात आईचा राखाडी स्वेटर होता, त्याची ती पुन्हा पुन्हा घडी घालत होती. "फार काही नव्हतं हो. त्या म्हणाल्या, पायावरचं काढ, उकडतंय. मी पांघरूण काढलं. मग मी पाय दाबत बसले. नर्सबाई आली, म्हणाली पाय झाका, थंडी वाजेल. मी म्हटलं, त्यांना नकोय. मग त्या झोपल्या. मला वाटलं झोपल्याच."

पळती पलंगाच्या कडेवर बसली. "उकडतंय म्हणाली?"

"हो. जरा रागावूनच. तुम्हाला माहितीये त्या कशा म्हणायच्या."

माहीत होतं. त्या रागावण्याचा सूर तिला अगदी कानात ऐकू आला, आणि मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. वहिनीने स्वेटर बाजूला ठेवला. भाऊ दाराशी उभा राहिला, मग आत आला, मग काय करावं ते न कळून खिडकी उघडायला गेला. ती किती वेळ रडली ते कोणी मोजलं नाही. संध्याकाळी स्वेटर तिघांत वाटले, एक तिने आपल्या मुलीसाठी घेतला, आणि जेवताना भावाने आईच्या कंजूषपणाची एक गोष्ट सांगितली तेव्हा ती हसलीसुद्धा.

सहा आठवड्यांनी ती परत कामावर गेली. सुरुवातीला मोठ्या सिस्टरांनी तिला औषधांच्या खोलीतच ठेवलं, मग एकेका खोलीत सोडलं. पाच नंबरच्या काकांच्या मुलीला त्यांनी फोन केला होता. ती काय म्हणाली, हे पळतीने विचारलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "म्हणाली, सोंग मलाही कळत होतं. मीही झोपल्याचं सोंग करत होते." पुढे त्या पळतीबद्दल काही बोलल्या नाहीत. ती मुलगी पळतीवर रागावली असेल, किंवा नसेल; ते पळतीला कधीच कळलं नाही. कळायचं नाही याची तिने सवय करून घेतली.

त्यानंतर आठ नंबरला एक निवृत्त हेडक्लार्क आले. सगळ्या नातेवाइकांशी त्यांचं भांडण झालेलं. दोन पुतणे भरतीच्या कागदांवर सही करून गेले ते परत आले नाहीत. हा माणूस पळतीला नावं ठेवायचा: पाणी कोमट आहे, उशी उंच आहे, तुझे हात थंड आहेत. तिला तो आवडत नव्हता, आणि न आवडणारी माणसंही मरतात आणि त्यांचंही तोंड तितकंच ओलं ठेवावं लागतं, हे तिला तेव्हा कुठे नीट कळलं. ती हात गरम पाण्यात बुडवून मग त्यांच्या खोलीत जायला लागली. यावर ते म्हणाले, "आता जास्तच गरम आहेत."

एका दुपारी त्यांचा श्वास बदलला. पुतण्यांना फोन लावला, उचलला नाही. ती स्टूल ओढून बसली आणि त्यांचं मनगट हातात घेतलं. समोरच्या खोलीतून घंटा वाजली, पुन्हा वाजली. तिचा एक पाय आपोआप उठायला निघाला. तो तिने खाली ठेवला. व्हरांड्यातून मावशी ओरडली, "मी बघते, मी बघते," आणि घंटा थांबली. दोन तास ती बसून होती. पाठ अवघडली, डावा पाय बधिर झाला, मध्ये एकदा तिला डुलकीही लागली असावी. ते डोळे मिटूनच एकदा म्हणाले, "कोण आहे?"

"मी आहे. सिस्टर."

"हं," ते म्हणाले. समाधानाने नव्हे, नुसतंच, खात्री करून घेतल्यासारखं.

चार वाजून दहा मिनिटांनी ते गेले. तिने वेळ लिहिली, डॉक्टरांना कळवलं, डोळे मिटवले, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, चेहरा आणि हात पुसले. पुतण्याने शेवटी फोन उचलला, म्हणाला, "बरं. आजच यायला लागेल का?" ती म्हणाली, "आज आलात तर बरं." तो "बघतो" म्हणाला.

मग ती धुणीघरात गेली. मावशी तिथे वाळलेल्या चादरी काढत होती. एक टोक तिने पळतीकडे फेकलं. दोघींनी ओढून ताणली, जवळ आल्या, दुमडली, पुन्हा ताणली.

"दमलात?" मावशीने विचारलं.

"हो," पळती म्हणाली. "फार."

"मग बसा की जरा."

ती पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. मावशीने पुढची चादर एकटीनेच दाताखाली एक टोक धरून दुमडायला घेतली.